स्लिपनॉटचे मास्क: आत कुणीही चालतं म्हणे!

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या या मेटल बँडबद्दल एक दावा पुन्हापुन्हा शेअर होतो: मास्क चेहरे लपवायला आहेत, त्यामुळे आतला माणूस बदलला तरी कळत नाही, आणि नऊ सदस्यांतले निम्मे तर नुसते शोभेला.

चेहरे लपलेत कुठे? गायक कोरी टेलर २००२ पासून स्टोन सावर या त्याच्या दुसऱ्या बँडमध्ये उघड्या चेहऱ्याने गायला. बेसिस्ट पॉल ग्रे २४ मे २०१० ला गेला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी बाकीचे सदस्य मास्क न घालता पत्रकारांसमोर बसले. मास्कची सुरुवातही पर्कशन (ड्रमशिवायची तालवाद्यं) वाजवणाऱ्या शॉन क्रॅहनच्या जुन्या विदूषकी मुखवट्यापासून झाली. तो तालमीतच घालून यायचा. लपवाछपवीच करायची, तर तालमीत कुणापासून?

गुपचूप बदलाचं म्हणाल, तर २०१४ मध्ये तसं करून झालंय. नवा ड्रमर आणि नवा बेसिस्ट व्हिडिओत मास्क घालून दिसले, नावं मात्र गुलदस्त्यात. चाहत्यांनी बेसिस्टच्या हातावरचे टॅटू पाहिले आणि आलेसांद्रो व्हेंचुरेलाचं नाव काढलं! बँडमध्ये सदस्यांना आकडे असतात; त्यातले आधीचा ड्रमर जोई जॉर्डिसनचा १ आणि ग्रेचा २ हे आकडे त्यांच्या जागी आलेल्यांना मिळालेच नाहीत. कुणीही चाललं असतं, तर आकडे तरी कशाला राखून ठेवले असते?

आता 'शोभेचे' लोक. बरीच गाणी ड्रॉप बी ट्यूनिंगमध्ये आहेत, म्हणजे गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावलेल्या. सर्वांत जाड तार पाच सेमीटोन (लगतच्या दोन सुरांमधलं सर्वांत लहान अंतर) खाली, बाकीच्या तीन-तीन. नेहमीच्या ९-४२ तारांवर (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) हे करून पाहा: तार लुळी पडते, फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खरखरते आणि पिक जोरात मारला की सूर क्षणभर वर सरकतो. म्हणून १२-६० च्या आसपासचा जाड सेट लावतात, आणि तेव्हा नटच्या (मानेच्या टोकाला तारा धरणाऱ्या पट्टीच्या) खाचाही रुंद कराव्या लागतात, नाहीतर तार अडकून ट्यूनिंग टिकत नाही. दोन गिटार आणि बेस असे खाली उतरले की खालच्या पट्टीत नुसता गाळ होतो. क्रॅहन बेसबॉल बॅटने बिअरचं रिकामं पिंप बडवतो, त्याचा धातूचा टणत्कार वरच्या पट्टीत असल्याने त्या गाळातूनही कानावर येतो. 'ड्युअ‍ॅलिटी' हे गाणं लाइव्ह ऐकताना त्यावर कान ठेवा. सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं यंत्र) आणि टर्नटेबलचे (डीजेच्या तबकडीचे) किंचाळणारे आवाजही तिथेच बसतात.

एवढं मात्र मान्य: मुख्य ड्रमिंग एकट्या ड्रमरचं असतं, आणि दोन्ही पर्कशनवाले काही गाण्यांत मुख्यतः मागून ओरडायचंच काम करतात.