तारावा: अंदाज पाच फुटांचा, पाणी तीन फूट

दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या तारावा प्रवाळद्वीपावर अमेरिकन सैनिक उतरले, त्या लढाईवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘शौचकूप मोजून सैनिक मोजले ही दंतकथा आहे. आणि माहिती एवढी पक्की होती, तर 76 तासांत हजारभर अमेरिकन कसे मेले? गुप्तवार्तावाल्यांचे पोवाडे थांबवा.’

दंतकथा नाही हो. तारावातल्या बेटिओ बेटावर, जिथे ही लढाई झाली, जपान्यांनी शौचकूप किनाऱ्यापासून पुढे, पाण्यावर बांधले होते. विमानातून घेतलेल्या फोटोंत ते एकेक मोजता येत. त्यावरून काढलेला सैनिकांचा आकडा खऱ्याच्या फार जवळ निघाला. अमेरिकेच्या ‘नॉटिलस’ पाणबुडीने पेरिस्कोपमधून किनारा टिपून आणला होता, तो वेगळाच.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र मला लागला, कारण लेखात मी भरतीबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. ती चूक माझी.

बेटाभोवती प्रवाळाचा खडक. सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणारी हिगिन्स होडी भरलेली असताना त्यावरून न्यायची तर सुमारे चार फूट पाणी हवं. त्या भागात वावरलेल्या दर्यावर्दींना विचारलं, तर बहुतेकांनी पाच फूट सांगितलं. तारावा ज्यांत येतं त्या गिल्बर्ट बेटांवर अनेक वर्षं राहिलेले न्यूझीलंडचे मेजर फ्रँक हॉलंड तेवढे विरोधात होते: त्या दिवसांत तीन फूटसुद्धा मिळणार नाही. 20 नोव्हेंबर 1943, वद्य अष्टमीच्या आसपासचा दिवस. आपल्या कोकणातला कुणीही कोळी सांगेल, अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती, उधाण नव्हे. त्यात चंद्रही पृथ्वीपासून जवळजवळ सर्वांत दूर होता, म्हणून त्याची ओढ आणखी कमी. भौतिकशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांनी 1987 मध्ये हे गणित मांडलं.

हॉलंडचं कुणी ऐकलंच नाही, असंही नाही. उतरणाऱ्या मरीन डिव्हिजनचे प्रमुख जनरल ज्यूलियन स्मिथ यांनी धोका ओळखून पट्ट्यांवर चालणाऱ्या सव्वाशेच्या आसपास उभयचर गाड्या जमवल्या. सैनिकांच्या पहिल्या तीन तुकड्या त्यांतून खडक ओलांडून गेल्या. मागच्या होड्या अडकल्या आणि ती पोरं शेकडो यार्ड पाणी तुडवत मशीनगनसमोर चालत गेली. त्यांचे फोटो पाहताना आजही माझा घसा दाटून येतो.

म्हणून ‘माहिती होती की नव्हती’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. शत्रू किती, हे फोटोवरून कळलं. पाणी किती, हे तिथे राहिलेल्या माणसाला माहीत होतं, आणि बाकीच्यांच्या अंदाजापुढे त्याचा शब्द एकटा पडला.

दोन महिन्यांनी जपान्यांच्याच ताब्यातल्या क्वाजालीन या दुसऱ्या प्रवाळद्वीपावर उतरण्याआधी नौदलाने पोहणारे पाठवले. ते खडकापर्यंत पोहत जाऊन डोळ्यांनी तळ पाहून आले.