डॉसन सिटीची कललेली घरं आणि दोन फुलर

एकमेकांवर रेललेली दोन जुनी लाकडी घरं आणि खाली मजकूर: ‘कॅनडाची डॉसन सिटी. सोन्याच्या हावेपोटी रातोरात फळ्या ठोकून उभं केलेलं गाव. ना आर्किटेक्ट, ना अक्कल, म्हणून घरं कलंडली!’ ही पोस्ट तुमच्यापर्यंतही आली असेल. फोटो खरा आहे, मजकुराचं मात्र काही खरं नाही.

कलंडण्यात सुताराचा दोष नाही. कॅनडाच्या वायव्य टोकाला असलेल्या युकॉन प्रदेशातली ही जमीन बारमाही गोठलेली. घरात शेगडी पेटली की ऊब खाली झिरपते, मातीतला बर्फ वितळतो आणि जिकडे जास्त वितळेल तिकडे घर खचतं. भिंत ओळंब्यात असली तरी जमीनच हलते, त्याला काय करणार?

‘आर्किटेक्ट नव्हता’ हे दुकानांपुरतं मान्य. मागे साधी खोली आणि पुढे दुमजली भासणारा फळ्यांचा देखावा, अशी दुकानं तिथे होतीच. पण 1899 मध्ये सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानं थॉमस विल्यम फुलर या चौतिशीच्या आर्किटेक्टला तिथे पाठवलं. 1901 पर्यंत तारघर, टपाल कचेरी, न्यायालय, प्रशासन भवन, आयुक्तांचं निवासस्थान आणि शाळा त्याच्या आराखड्यांवर उभी राहिली. टपाल कचेरीच पाहा. जागा चौकातली, म्हणून कोपऱ्यावर अष्टकोनी मनोरा. कुठल्याही रस्त्यानं या, इमारत आपल्याकडेच तोंड करून उभी दिसते. बांधकाम सगळं लाकडी, पण थाट दगडी इमारतीचा. फळ्या ठोकणाऱ्याला हे सुचत नसतं.

‘रातोरात’ तर अगदीच चूक. सोनं सापडलं ऑगस्ट 1896 मध्ये, लोंढा आला 1898 मध्ये, आणि 1899 च्या उन्हाळ्यात अलास्कातल्या नोमला सोनं लागल्याची बातमी येताच हजारो लोक डॉसन सोडून निघाले. म्हणजे फुलर आला तो गाव रिकामं होत असताना! मग सरकारनं एवढा खर्च का केला? खाणीवाल्यांत अमेरिकनांचा भरणा, अलास्काच्या सीमेचा वाद 1903 पर्यंत मिटलेला नव्हता. इथे कॅनडाचं राज्य आहे, हे दिसायला हवं होतं.

काहीजण वर दुरुस्ती करतात, की हे काम ओटावाची संसद बांधणाऱ्या थॉमस फुलरचं. तो याचा बाप, आणि तो 1898 मध्येच वारला होता. गंमत म्हणजे बापाच्या दगडी संसदेची मुख्य इमारत 1916 मध्ये जळाली, ग्रंथालय तेवढं वाचलं. मुलाची लाकडी टपाल कचेरी मात्र अजून उभी आहे. अर्थात त्याचंही सगळंच टिकलं असं नाही. आयुक्तांचं निवासस्थान 1906 मध्ये आगीत सापडलं. आज दिसतं ते नंतर दुरुस्त केलेलं, बरंच साधं रूप.

पुढे 1927 मध्ये हा धाकटा फुलर बापाच्याच खुर्चीवर, सरकारचा मुख्य आर्किटेक्ट म्हणून बसला. आणि फोटोतली ती दोन घरं? ती खासगी दुकानं. त्यातलं एकही फुलरचं नाही.