जीआरईचं इंग्रजी, एकही ओळ न वाचता

परदेशात पदव्युत्तर शिक्षणाला जाण्यासाठी जीआरई ही परीक्षा द्यायचं ठरवलंत, उत्तम. गणिताची चिंता तुम्हाला नाहीच. ते आठवीपासून तीन-तीन क्लास लावून घोटवलेलं आहे. राहता राहिलं व्हर्बल, म्हणजे इंग्रजी शब्दांचे आणि उताऱ्यांचे प्रश्न, आणि निबंध. त्यासाठी पुण्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेली पद्धत आहे, ती सांगतो.

आधी शब्दांची यादी मिळवा. साडेतीन हजारांपेक्षा लहान यादी घेऊ नका, चारचौघांत सांगायला बरं दिसत नाही. सुरुवात अर्थातच ‘अबेट’पासून. पहिल्या दिवशी पन्नास शब्द, दुसऱ्या दिवशी तीस, तिसऱ्या दिवशी चुलतभावाचा साखरपुडा. ‘अबस्कॉन्ड’ म्हणजे फरार होणे, एवढं पाठ झालं की यादी कपाटात टाकायची आणि तो अर्थ अमलात आणायचा. दसऱ्याला नव्या जोमाने पुन्हा ‘अबेट’. अशा चार आवृत्त्या झाल्या की ‘ए’ अक्षरावर तुमचा हात धरणारा कोणी उरत नाही. ‘झेड’पर्यंत पोचलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, त्यामुळे तिकडे काय आहे ते सांगू शकत नाही.

नुसते विरुद्धार्थी शब्द विचारणारे प्रश्न 2011 सालीच या परीक्षेतून गेले. यादीवाल्यांना हे अजून कोणी कळवलेलं नाही. आपणही कळवू नये, कोणाच्या पोटावर पाय कशाला आणा?

शब्द लक्षात ठेवायला युक्त्या लागतात. आमच्या क्लासच्या सरांनी ‘टॅसिटर्न’ शिकवला तो असा: “समोरून ओळखीचा माणूस आला, काही न बोलता तसाच टर्न मारून गेला. तसा टर्न, टॅसिटर्न. म्हणजे अबोल!” वर्ग हसला, सगळ्यांनी लिहून घेतलं. परीक्षेत शब्द आला तेव्हा मला टर्न लख्ख आठवला, आणि मी ‘वळणदार’ या अर्थाचा पर्याय निवडून पुढे गेलो. युक्ती वाया गेली असं म्हणता येणार नाही. ती अजून लक्षात आहे. ‘एनर्व्हेट’चंही तसंच. ऐकायला एनर्जी आल्यासारखं वाटतं, अर्थ मात्र अंगातली ताकद काढून घेणे. कानावर विश्वास ठेवा, कान आपलाच असतो.

गाळलेल्या जागा भरताना ‘ऑल्दो’, ‘फार फ्रॉम’ असल्या किरकोळ शब्दांकडे ढुंकूनही पाहू नका. उत्तर त्यांच्यातच दडलेलं असतं हे खरं, पण ते आपल्या यादीत नाहीत. एका प्रकारात सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात. तिथे वाक्य वाचायची गरजच काय? दोन समानार्थी शब्द शोधायचे आणि टिचकी मारायची. वाक्यात मुळीच न बसणारी समानार्थी जोडी कोणी मुद्दाम ठेवली असेल, असा संशय सुसंस्कृत माणसाने घेऊ नये.

उताऱ्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. उताऱ्यात काय लिहिलंय ते विचारतात, तुम्ही तुम्हाला काय वाटतं ते सांगा. सगळ्या व्हर्बलला मिळून सत्तावीस प्रश्न आणि एक्केचाळीस मिनिटं. वाचत कोण बसतो?

निबंध मात्र आपला हातखंडा. 2023 च्या सप्टेंबरपासून एकच निबंध राहिलाय, अर्ध्या तासाचा. परीक्षा घेणारी ईटीएस ही संस्था त्याचे सगळे विषय आपल्या वेबसाइटवर आधीच टाकून ठेवते. थोडक्यात, पेपर अधिकृतपणे फुटलेला आहे. म्हणूनच तो कोणी उघडून पाहत नाही; फुकटच्या पेपरात मजा नाही. मी कुतूहलापोटी पाहिले. तंत्रज्ञानावर विसंबून माणसाची स्वतः विचार करण्याची ताकद कमी होईल, यावर मत मांडा म्हणे. अहो, ही तर आपली दहावीची ‘विज्ञान: शाप की वरदान’! तेव्हा जे केलं तेच करा. थोडा शाप, थोडं वरदान, शेवटी सुवर्णमध्य. ‘तुम्ही कितपत सहमत आहात’ असं विचारलं असलं, तरी आपल्यासारख्या भल्या माणसाने बाजू कशाला घ्यावी? उदाहरणं तीनच लागतात: एडिसन, गांधीजी आणि डॉ. कलाम. विषय कुठलाही असो, तिघे निमूटपणे येतात.

त्यातूनही हात आखडला, तर क्लासने दिलेला साचा आहेच, ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’पासून सुरू होणारा. पन्नास मुलांनी तोच लिहिला म्हणून बिघडत नाही. निबंध एक माणूस तपासतो, एक संगणक तपासतो, आणि निबंध एकमेकांशी किती जुळतात हे पाहणारं वेगळं सॉफ्टवेअरही तिथे आहे. तुमच्या बॅचची एकी त्याच्या नजरेतून सुटणार नाही.

स्पेलिंग सुधारून देणारी सोय परीक्षेतल्या संगणकावर नसते. घरी सराव करताना ती मुद्दाम चालू ठेवा, म्हणजे त्या दिवशी तिची किंमत कळेल.

परीक्षा संपली की गणिताचे आणि व्हर्बलचे अनधिकृत गुण तिथेच पडद्यावर दिसतात. गणितात 168. व्हर्बलमध्ये 146, आणि मोजपट्टी 130 पासून सुरू होते, हे घरी कोणाला ठाऊक नसतं. गणिताचा आकडा सोसायटीच्या ग्रुपवर टाका, पेढे आणा. पेढा तोंडात टाकता टाकता मावशी विचारेल, “आणि रे, इंग्रजीत किती?” काही बोलू नका. पेढ्यांचा डबा घ्या आणि तसाच टर्न मारून आत जा.