म्हणे, अमांडाला डॉक्टरकडे न्या!

सोलापुरातल्या वाचणाऱ्या मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. विषय आहे सारा ग्रॅन यांची ‘कम क्लोजर’ ही 2003 सालची छोटीशी इंग्रजी कादंबरी. अमांडा नावाची आर्किटेक्ट स्वतःच सांगते, की आपल्यात हळूहळू दुसरंच कुणीतरी शिरतंय. मजकुराचं म्हणणं असं: हा सरळसरळ स्किझोफ्रेनिया, भूत खरं की भास, याचा उलगडा नाही म्हणजे लेखिकेला जमलं नाही, आणि असली पुस्तकं अंधश्रद्धा वाढवतात, त्यांना जादूटोणाविरोधी कायदा लावा.

कायद्याचं आधी उरकून टाकू. 2013 चा तो कायदा कृत्यांवर आणि त्यांच्या प्रचारावर आहे. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला दोरखंडाने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, हे त्यात गुन्हे. असल्या प्रकारांचा प्रचार करणारं लेखनही त्यात येतं, पण भुताची नुसती गोष्ट लिहिणं-वाचणं म्हणजे प्रचार नव्हे. दाभोलकरांचं नाव पुढे करून पुस्तकबंदी मागणं तर अतीच झालं.

आता स्किझोफ्रेनिया. डॉक्टरी शब्द वापरायचे तर नीट वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (2022 पासून लागू) दुसऱ्या कुणीतरी ताबा घेतल्याच्या अनुभवाला स्वतंत्र विकार म्हणून जागा आहे, स्किझोफ्रेनियापासून निराळी. त्यातही अट अशी, की समाजाला मान्य असलेल्या धार्मिक प्रथेचा भाग असेल तर तो विकार धरायचा नाही. ही अट सोलापूरकराला समजावून सांगायला नको. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांत कुणाची ना कुणाची मावशी असतेच, संबळ वाजला की घुमायला लागणारी. केस सुटतात, कपाळावरचा मळवट घामाने ओघळतो, बायका ओटी पुढे करून विचारतात, “आई, पोराचं लग्न कधी?” थोड्या वेळाने मावशी पाणी पिते, पदर सावरते आणि भाकरीचं गाठोडं सोडायला बसते. तिला कुणी पेशंट म्हणत नाही.

अमांडाभोवती ना संबळ, ना ओटी, ना ‘आई’ म्हणणारं कुणी. तिच्यात जे येतं ते जायचं नावच घेत नाही. भीती वाटते ती या एकटेपणाची, आणि आजाराचं नाव कळलं म्हणून ती कमी होत नाही. प्रत्यक्षात घरातलं कुणी असं बोलू लागलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडेच न्यायचं, यात वाद नाही. पण तो सल्ला घरच्यांना द्या, कादंबरीला कशाला?

राहिला उलगडा. हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही भुताची गोष्ट 1898 ची. त्यातली भुतं खरी की मुलांच्या शिक्षिकेच्या मनातली, हे भांडण अजून चालूच आहे, म्हणून जेम्सला लिहिता येत नव्हतं असं कुणी म्हणत नाही. ग्रॅन तर वाचकालाच कोंडीत पकडतात. अमांडाच्या हाती चुकून झपाटण्यावरचं एक पुस्तक येतं. त्यात एक प्रश्नावली: घरात विचित्र आवाज येतात का, वागणं बदललंय का, अशा धाटणीची. अमांडा आपले गुण मोजते. रात्री लाइट गेलेली, उकाड्याने झोप नाही, संध्याकाळी बायकोवर विनाकारण खेकसून झालेलं, अशा वेळी ती यादी वाचणारा माणूस मनातल्या मनात दोन-तीन ठिकाणी ‘हो’ म्हणतोच. मजकूर लिहिणाऱ्याने ही पानं नुसती चाळलेली दिसतात, नाहीतर स्वतःला किती गुण मिळाले हेही त्याने कळवलं असतं.