मॅजिकार्पची बाजू

परवा ताईने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पोस्टर पाठवलं. भाचा यंदा नववीत आहे, त्याला दहावीच्या व्हेकेशन बॅचला घालायचं घाटतंय, आणि हे त्या क्लासचं पोस्टर. डावीकडे मॅजिकार्प, पोकेमॉनमधला एक मासा, तोंडाचा आ वासलेला, खाली 'जूनमधला विद्यार्थी'. उजवीकडे त्याच माशाचा पुढे होणारा निळा अक्राळविक्राळ ग्याराडोस, खाली 'मार्चमधला विद्यार्थी'. मध्ये जाडजूड बाण आणि बाणाच्या पोटात क्लासचं नाव. (नाव लिहीत नाही, उगाच कशाला.)

ताईचा मेसेज : "हे तुझंच कार्टून ना रे? बरा वाटतोय क्लास."

मी अंगठा पाठवून मोकळा झालो. पण दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसलोय. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना पोकेमॉन म्हणजे पिकाचू एवढंच माहीत आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, सगळं सांगतो.

पोकेमॉन म्हणजे पकडून, वाढवून एकमेकांशी लढवायचे प्राणी, आणि मॅजिकार्प म्हणजे पोकेडेक्समधला, म्हणजे त्यांच्या माहितीकोशातला, क्रमांक १२९. लांबी ०.९ मीटर, वजन १० किलो. लाल खवले, लांब मिशा, पाठीवर मुकुटासारखा पिवळा पर. १९९६ साली जपानमध्ये पहिले गेम आले, त्यातल्या १५१ पोकेमॉनमधला हा सगळ्यात ढ. सुरुवातीला त्याला एकच गोष्ट येते, स्प्लॅश. समोरचा आग ओकतोय, वीज पाडतोय, आणि आपला गडी टुणकन उडी मारतो. खाली अक्षरं उमटतात : बट नथिंग हॅपन्ड. काहीही झालं नाही. पंधराव्या लेव्हलला कशीबशी एक धडक मारायला शिकतो. पोकेडेक्सच्या नोंदी तर या माशाबद्दल इतकं घालूनपाडून बोलतात की वाचताना आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. एकीत म्हटलंय की पूर्वी याचे पूर्वज जरा तरी बलवान होते, आताचे अगदीच नेभळट. दुसरीत म्हटलंय की हा उगाचच उड्या मारतो आणि हवेत असतानाच पिजिओटो नावाचा पक्षी-पोकेमॉन त्याला उचलून नेतो.

आणि २० व्या लेव्हलला याचा ग्याराडोस होतो. साडेसहा मीटर, २३५ किलो. ताकद, वेग वगैरे सगळी आकडेवारी मिळून मॅजिकार्पची बेरीज २००, ग्याराडोसची ५४०. पोस्टरवाल्यांना भुरळ पडणारच.

पण बाणाच्या पोटात काय असतं, ते खेळलेल्या माणसाला विचारा.

पहिल्या गेममध्ये माउंट मूनच्या पायथ्याशी पोकेमॉन सेंटरात एक इसम उभा असतो. गुपित सांगितल्यासारखा म्हणतो, तुझ्यासाठी खास, फक्त ५०० मध्ये मॅजिकार्प. खेळ सुरू होताना तुमच्या खिशात असतात ३०००, म्हणजे सहावा हिस्सा गेला. घेतल्यावर परत त्याच्याशी बोलायला जा, तो सांगतो की पैसे परत मिळणार नाहीत. मग थोडं पुढे व्हर्मिलियन शहरात एक काका तुम्हाला फुकटात जुना गळ देतात. तो कुठल्याही पाण्यात टाका, मॅजिकार्पच लागतो. दुसरं काही लागतच नाही! ५०० ला घेतलेला तोच मासा, त्याच लेव्हलचा. आठवी-नववीच्या वयात मला घरात कुणी आर्थिक साक्षरता शिकवली नाही, ती या इसमाने शिकवली.

कार्टूनमध्ये हाच माणूस जहाजावर टीम रॉकेट या खलनायकांच्या टोळीतल्या जेम्सला गाठतो. त्याची स्कीम ऐकण्यासारखी आहे : एक मासा हजार अंडी घालतो, त्या हजारांतला प्रत्येक पुन्हा हजार घालतो, तुम्ही फक्त पैसे मोजत बसा. इमूपालनाच्या जाहिराती ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. जेम्स पगाराची उचल त्यात घालवतो. पुढच्या भागात जहाज बुडतं, सगळे तराफ्यावर, पोटात अन्नाचा कण नाही. मासा खायचा म्हटलं तर नुसते खवले आणि काटे. जेम्स वैतागून त्याला लाथ घालून समुद्रात ढकलतो आणि तिथेच त्याचा ग्याराडोस होतो. २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर हिंदीत हे लागायला लागलं, तेव्हा शाळेतून आल्यावर दप्तर न काढता आम्ही टीव्हीपुढे. आता जाईल हा जेम्स, म्हणून टाळ्या पिटलेल्या आठवतात. मासा लाथ खाऊन बदलला हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आता मुख्य मुद्दा. मॅजिकार्प विसाव्या लेव्हलला पोचतो कसा? स्वतः लढून? त्याला येतंय काय लढायला! युक्ती सगळ्यांची एकच. त्याला आपल्या पोकेमॉनच्या यादीत पहिला ठेवायचा, लढाई सुरू झाली की लगेच मागे घ्यायचा आणि दुसऱ्या कुणालातरी पुढे करायचं. मार तो दुसरा खातो, जिंकतोही तोच, पण मॅजिकार्प क्षणभर मैदानात येऊन गेला म्हणून अर्धा अनुभव त्याच्या नावावर जमा. असं करत करत १०,००० गुणांपर्यंत नेलं की २० वी लेव्हल. माझ्याकडे या कामाला आयव्हीसॉर नावाचा दुसरा पोकेमॉन होता. बिचाऱ्याने शंभरेक लढाया एकट्याने मारल्या असतील. बाणावर नाव घालायचंच असेल तर त्याचं घाला. पण 'घरातल्या चार माणसांनी अंगावर घेतलं म्हणून हा तरला' असं कुठला क्लास छापणार?

तेही सुरळीत झालं असं नाही. दादाच्या पीसीवर इम्युलेटर, म्हणजे असे गेम पीसीवर चालवणारं सॉफ्टवेअर, होतं (गेम कुठून आला विचारू नका), आणि ते दिवस लोडशेडिंगचे. सांगलीत आमच्या भागात वेळापत्रकाप्रमाणे वीज गेली असती तर एकवेळ चाललं असतं, पण ती वेळापत्रकाच्या आधी जायची. माझा मॅजिकार्प १७ व्या लेव्हलला होता. सेव्ह करू, एक लढाई मारून करू, अजून एक मारून करू. खट्. पंखा थांबत आला, मॉनिटर काळा, शेजारच्या घरातून "गेली का तुमच्याकडं पण?" परत वीज आली तेव्हा मासा ११ वर होता. मी तीन दिवस कॉम्प्युटरला हात लावला नाही.

बरं, झाला एकदाचा ग्याराडोस. तो कसा आहे? पोस्टरवाल्याने फक्त चित्र पाहिलं, नोंद वाचलीच नाही. नोंद अशी आहे की मॅजिकार्पचा ग्याराडोस होताना मेंदूतल्या पेशींची रचनाच बदलते आणि म्हणून तो इतका हिंसक होतो. एकदा चिडला की सगळं जाळून बेचिराख केल्याशिवाय शांत होत नाही. हा तुमचा मार्चमधला विद्यार्थी! आईबापांनी फी भरण्याआधी एकदा विचार करावा.

या सगळ्यामागची मूळ गोष्ट चीनची आहे. पिवळ्या नदीवर 'ड्रॅगनचं दार' नावाची जागा, तिथला प्रवाह उलटा चढून जो कार्प मासा उडी मारून पलीकडे जाईल तो ड्रॅगन होतो. जपानमध्ये ही गोष्ट इतकी मुरली की यशाची पायरी ठरणाऱ्या परीक्षेला किंवा स्पर्धेला आजही 'तोर्यूमोन' म्हणजे ड्रॅगन-दार म्हणतात, आणि ५ मेच्या बालदिनाच्या सुमाराला घरोघरी कापडी कार्प वाऱ्यावर फडकतात. म्हणजे क्लासवाला अगदीच चुकला नाही, गोष्ट परीक्षेचीच आहे. पण त्या गोष्टीत मासा स्वतः उडी मारतो. गेम बनवणाऱ्यांनी काय केलं? उडी तेवढी ठेवली आणि तिचा उपयोग काढून घेतला. जपानीत स्प्लॅशचं नाव 'हानेरू', म्हणजे उसळणं, उडी मारणं. इंग्रजीत येताना त्याचं पाणी उडवणं झालं आणि विनोदच हरवला. पुराणातली ती थोर उडी आणि खाली ओळ, काहीही झालं नाही. नंतरच्या गेममध्ये ग्रॅव्हिटी नावाची चाल आली, ती चालू असताना उडणं-उसळणं बंद, आणि त्या यादीत स्प्लॅशसुद्धा आहे. मुळात निरुपयोगी असलेल्या उडीवरही बंदी! हे ज्याने लिहिलं त्याच्या बुद्धीला माझा दंडवत.

मासा तसा आपल्या ओळखीतलाच. मंडईत 'सायप्रिनस' म्हणून मिळतो तो कॉमन कार्प, त्याच जातकुळीतला. जपानच्या निइगाता भागात डोंगरातल्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात खाण्यासाठी पाळलेल्या कार्पमधून रंगीत कोइ निपजवले. तिथल्या ओजिया गावात आता रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणांवर मॅजिकार्प आहे. त्याचं जपानी नावच मुळी कोइकिंग. नेभळटाला राजा म्हणायचं, हाही त्यांचा वात्रटपणा.

२०१६ च्या डिसेंबरात पोकेमॉन गो हा चालत फिरून खेळायचा मोबाइल गेम भारतात आला तेव्हा मी कोल्हापुरात नोकरीला होतो. संध्याकाळी रंकाळ्यावर मोबाइल धरून फिरायचो. गोमध्ये मॅजिकार्पचा ग्याराडोस करायला ४०० कँडी (खेळातले गुण) लागतात. एक मासा पकडला की ३, तो खेळातल्या प्रोफेसरला पाठवून दिला की आणखी १. हिशोब करा : शंभर मासे पकडले, एक ठेवला, ९९ पाठवले, झाल्या ३९९. एक कमी! ती एक मिळवायला मॅजिकार्पला सोबती म्हणून घेऊन एक किलोमीटर चालावं लागतं. मी चाललो. कट्ट्यावर भेळ खाणारी माणसं बघत होती. मग बटण दाबलं, झगमगाट झाला, ग्याराडोस आला, आणि मला एकदम रितं रितं वाटलं. महिनाभर ज्याच्यासाठी फिरलो तो मासाच हातातून गेला होता. नंतर मी तो ग्याराडोस फारसा वापरलाही नाही.

२०१७ मध्ये मॅजिकार्प जंप नावाचा एक छोटा मोबाइल गेम आला. त्यात फक्त मासा पाळायचा, खाऊपिऊ घालायचा आणि उंच उडीच्या स्पर्धेत उतरवायचा. तिथे मासा ग्याराडोस झाला तर स्पर्धेतून बाद! म्हणून मासा बदलू नये यासाठी एव्हरस्टोन नावाचा दगड देतात. कुणाच्या तरी मनात माझ्यासारखंच आलं असणार.

पण ज्यासाठी एवढं लिहिलं तो प्रसंग गोल्ड-सिल्व्हर या पुढच्या गेममधला आहे. महोगनी नावाच्या गावाच्या वर एक तळं, लेक ऑफ रेज. तिथे टीम रॉकेट गुपचूप रेडिओ लहरी सोडत असते, त्यामुळे तळ्यातल्या मॅजिकार्पना वेळेआधी ग्याराडोस व्हावं लागतं. मधोमध एक लाल ग्याराडोस पिसाळलेला. निळा नाही, लाल. अंगावर मॅजिकार्पचाच रंग राहिलेला. खेळ तुम्हाला सरळ सांगतो की हा जबरदस्तीने वाढवलेला आहे आणि हे करणारे खलनायक आहेत. पोस्टरवरचा बाण म्हणजे नेमकं हेच मशीन. मे महिन्यात, शाळा सुरू व्हायच्या आधी, दोन पाळ्यांत.

त्याच तळ्याच्या काठी एका घरात एक म्हातारा राहतो. तो सांगतो की हे तळं म्हणजे ग्याराडोसच्या थैमानाने पडलेला खड्डा, पावसाच्या पाण्याने भरला, आज्याच्या खापरपणज्यापासून ऐकत आलोय. पूर्वी इथे छान जिवंत मॅजिकार्प मिळायचे, आता काय झालंय कळत नाही. तुम्ही रॉकेटवाल्यांना हाकलून परत गेलात की तो खुशीत असतो. आणि त्याला काय हवं असतं? लांब मॅजिकार्प. बस. तळ्यात लाल ग्याराडोस येऊन गेला त्याचं त्याला काही नाही. तुम्ही मासा न्यायचा, तो टेप लावून मोजणार, आधीच्यापेक्षा लांब असेल तर एक औषधाची बाटली बक्षीस. लढतो का, जिंकतो का, पुढे काय होणार आहे, एक प्रश्न नाही.

ताईला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तू तुझ्या भाच्याला क्लास लावू नको म्हणतोयस का? सरळ बोल." मी म्हटलं, लाव ना, गणिताला लाव, तिथे तो खरंच कच्चा आहे. फक्त ते पोस्टर फ्रिजवर लावू नकोस. तिने लावलं होतं.

रविवारी गेलो तेव्हा ते काढलेलं होतं, चुंबक तेवढा तिथे होता. भाच्याच्या मोबाइलवर इम्युलेटर टाकून दिला, माझी जुनी सेव्ह फाइल दिली, आणि आम्ही दोघं तळ्याकाठी उभे राहिलो. त्याने पहिला मासा पकडला, त्याचं नाव ठेवलं 'सायप्रिनस'. म्हाताऱ्याकडे नेला. मोजला. वीस वर्षांपूर्वीच्या माझ्या माशापेक्षा आखूड निघाला.

"मामा, तुमचा केवढा होता?"

"तुझ्यापेक्षा मोठा होता एवढं बघ."

"थांबा," म्हणाला, आणि परत गळ टाकला. आतून ताई जेवायला हाका मारत होती.