‘स्टेशनपासून ५ मिनिटं’

डोंबिवलीत भाड्याचं घर शोधतोय. जाहिरातीत जो तो ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’! काल आईला घेऊन चालत गेलो, २५ मिनिटं लागली. तिचे गुडघे दुखतात, हे एजंटला फोनवर आधीच सांगितलं होतं. ‘हवेशीर’ बेडरूमची खिडकी उघडली, तर हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत, ओल आलेली. ‘६५० फूट’ कुठे आहेत विचारलं, तर म्हणे, "सुपर बिल्टअप आहे साहेब." अरे, बिल्डरांवर लगाम घालणारा रेरा कायदा २०१६ चा! बिल्डरला कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, सांगावाच लागतो. मग भाड्याच्या घरात ‘सुपर बिल्टअप’ म्हणून जिना, पॅसेजची जागाही मोजून आमच्या माथी का मारता? आणि तिसरा मजला, लिफ्ट बंद, एवढं जरी खरं लिहिलं असतं ना, तर आई ते जिने चढलीच नसती.