फाइट न बघता वेल्टरवेटची टॉप टेन कशी काढावी

बॉक्सिंगच्या वेल्टरवेट या वजनी गटातले आजवरचे सगळ्यात भारी कोण हे ठरवायला बॉक्सिंग कळायची अजिबात गरज नसते, हे मला गेल्याच आठवड्यात समजलं. आमच्या कारपूलमधल्या एका ज्ञानी माणसाने मानपाड्यापासून ऐरोली पुलापर्यंत स्वतःची टॉप टेन वाचून दाखवली, आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकच्या कृपेने दहाच्या दहा नंबर सविस्तर ऐकायला मिळाले. ज्याला बरेच जण आजवरचा सगळ्यात भारी बॉक्सर मानतात, तो शुगर रे रॉबिन्सन नववा. नववा! तर त्याच्याकडून शिकलेल्या युक्त्या तुम्हालाही देऊन टाकतो, फुकट.

व्हिडिओ ब्लॅक अँड व्हाइट असेल तर माणूस खाली ढकला.

वजनी गटाचं टेन्शन घेऊ नका. वेल्टरवेटला १४७ पाउंडांची, म्हणजे साधारण ६६.७ किलोची लिमिट असते वगैरे सगळं पुस्तकी. तुम्ही बिनधास्त विचारा, "मग टायसन कितवा?" (टायसन हेवीवेट. तरी खरंच विचारलं हो त्याने.)

कोणी हेन्री आर्मस्ट्राँगचं नाव काढलं की "हो का" म्हणून खिडकीबाहेर बघायचं. १९३८ मध्ये फेदर, लाइट आणि वेल्टर अशी तीन वर्ल्ड टायटलं या माणसाकडे एकाच वेळी होती, आणि तेव्हा मुख्य वजनी गटच आठ होते. आज गट सतरा, प्रत्येकात चार-चार बेल्ट, म्हणजे वर्ल्ड टायटलं. पण त्याचं काय, त्याची रील कुठाय?

आता मुख्य मंत्र. रेकॉर्डमधला शून्य, म्हणजे एकही हार नाही, तेवढा बघा, बाकी काही बघू नका. मेवेदर ५०-०, विषय संपला. त्यातली पन्नासावी फाइट २०१७ ला एमएमएवाल्या मॅकग्रेगरशी झाली, ज्याची ती प्रोफेशनल बॉक्सिंगमधली पहिलीच होती, हे मधे आणायचं नाही. मेवेदर ग्रेटच आहे, त्याच्या डिफेन्सपुढे मीही हात जोडतो, पण शून्य म्हणजे काय देवाचा प्रसाद आहे का? रॉबिन्सन ४० च्या ४० जिंकून १९४३ मध्ये पहिल्यांदा हरला तो जेक लामोटाकडून, जो मिडलवेट, चांगलाच जड, आणि तीन आठवड्यांत परत त्याच लामोटासमोर उभा राहून जिंकला, आणि मग थेट १९५१ पर्यंत हरलाच नाही. आज कोण मॅनेजर आपल्या बिनहार पोराला असल्या फाइटला जाऊ देईल? तसं दिलं तर शून्य जाईल ना! आणि शून्य नेहमी बॉक्सरच राखतो असंही नाही. १९९३ मध्ये सॅन अँटोनियोला पर्नेल व्हिटेकरने चावेझला हवेत ठोसे मारायला लावून लावून दमवला, अख्ख्या जगाने पाहिलं कोण जिंकलं ते, आणि जजेसनी दिला ड्रॉ. चावेझचा ८७-० मधला शून्य तसाच राहिला. जजच्या पेन्सिलीने वाचवलेला असला शून्य तुम्ही डोक्यावर घेऊन नाचणार?

नापोलेस, गॅविलान, ग्रिफिथ हे जुने वेल्टरवेट चॅम्पियन: नावं उच्चारायला अवघड, सबब बाद.

क्रॉफर्डने २०२३ मध्ये स्पेन्सला तीनदा खाली पाडून नवव्या राउंडमध्ये थांबवलं, तो मात्र त्याच्या यादीत चौथा होता. तेवढं एक बरं.

बास झालं. अरे बाबा, सरळ सांगतो आता. तू एक तरी फाइट पूर्ण बघितलीयस का? लेनर्ड आणि हर्न्स, १९८१, लास वेगास, पंधरा राउंडची. लेनर्डचा डावा डोळा सुजून बंद व्हायला आलेला, तेराव्यानंतरही तिन्ही जजेसच्या कार्डावर तो मागे. आजच्यासारखी बारा राउंडची असती तर हर्न्स पॉइंट्सवर जिंकून घरी गेला असता. तेराव्यात लेनर्डने त्याला दोरांवर लोळवला आणि चौदाव्यात रेफरीने फाइट थांबवली. हर्न्सचा ३२-० मधला शून्य गेला. झाला का तो त्याने लहान? रॉबिन्सनच्या वेल्टरवेटच्या दिवसांचं फिल्म फारसं उरलेलं नाही, मान्य, म्हणून तर तो कोणाकोणाशी लढला हे शोधून वाचावं लागतं. ते करायचं नसेल तर यादी काढू नकोस, गाणी लाव गाडीत. दहा सेकंदांची क्लिप बघून लोकांची आयुष्यभराची कमाई नवव्या नंबरवर फेकतोस, आणि वर मलाच विचारतोस, "सर, तुम्ही एवढे का तापलात?"